यादीतली वस्ती आणि वस्तीतली माणसे : सिंहगड रस्त्यावरील एका गृहसंकुलाच्या मतदानाचा प्रकरण अभ्यास

सिंहगड रस्त्याने वडगाव ओलांडून पुढे गेले की धायरी, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला ही गावे आता एकमेकांना इतकी भिडली आहेत की एक कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते हे ग्रामदैवताच्या कमानी पाहूनच कळते. यांपैकी धायरी ऑक्टोबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आले. नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला ही गावे ३० जून २०२१ रोजी तेवीस गावांच्या यादीतून आली. प्रस्तुत अभ्यासातील गृहसंकुल या नंतर आलेल्या गावांपैकी एका गावाच्या हद्दीत आहे. मी तिथे नऊ वर्षांपासून राहते. त्याआधी शिक्षिका म्हणून अनेक निवडणुकांत मतदान अधिकाऱ्याचे काम केले असल्याने मतदार यादी, नोंदणीचे नमुने (अर्ज) आणि केंद्रावरची व्यवस्था यांची आतली ओळख मला होती. रहिवाशांची ओळख पटू नये म्हणून गावाचे व संकुलाचे नाव आणि इमारतींची संख्या येथे दिलेली नाही.

अभ्यासाला निमित्त झाली ती प्रत्येक निवडणुकीनंतर आमच्या भागात ऐकू येणारी दोन विधाने. गावठाणातली मंडळी म्हणतात की सोसायटीवाले मतदानाला घराबाहेर पडत नाहीत, त्यांना सुट्टी तेवढी हवी असते. पक्षांचे बूथप्रमुख म्हणतात की ही सोसायटी अमुक पक्षाचीच आहे, तिथे प्रचाराला फिरण्यात अर्थ नाही. ही दोन्ही विधाने आमच्या संकुलातल्या लोकांनीही स्वतःबद्दल जवळपास मान्य करून टाकली आहेत, आणि मला अस्वस्थ केले ते यानेच. मे २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपासून जानेवारी २०२६ च्या महापालिका निवडणुकीपर्यंत, संकुलातल्या दोन तरुणांना सोबत घेऊन मी मतदार यादीचे भाग (एकेका मतदान केंद्राला जोडलेल्या याद्या) डाउनलोड केले, छापले आणि रविवारी सकाळी घरोघरी जाऊन नावे पडताळली. त्यातून माझ्यापुरता एक निष्कर्ष ठाम झाला. ही दोन्ही विधाने ज्या वस्तीबद्दल केली जातात ती वस्ती कागदावरची आहे. यादीत जी माणसे आहेत त्यांच्यावरून, यादीत नसलेल्या माणसांचा उत्साह आणि कल या दोन्ही गोष्टी ठरवल्या जात आहेत.

कोणाचे नाव कुठे

यादी हातात घेऊन पहिल्या इमारतीत शिरलो तेव्हा आम्हाला वाटले होते की नाव असलेले आणि मतदान न करणारे लोक सापडतील. प्रत्यक्षात एका दारामागून दुसऱ्या दारामागे सापडत गेले ते नावच नसलेले लोक. आणि नाव नसणे म्हणजे मतदार नसणे असेही नव्हते.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराचे उदाहरण सविस्तर सांगते, कारण पुढे जे जे दिसले त्याचे सगळे धागे या एका घरात होते. चार माणसांचे कुटुंब. आम्ही कशासाठी आलो आहोत हे कळल्यावर वहिनींनी कपाटातून प्लास्टिकची पिशवी आणली आणि सगळ्यांची मतदार ओळखपत्रे जेवणाच्या टेबलावर मांडली. नवरा मूळचा बार्शी तालुक्यातला, त्यांचे नाव अजून तिथल्या गावच्या यादीत आहे. बार्शी विधानसभा मतदारसंघ सोलापूर जिल्ह्यात असला तरी लोकसभेला तो धाराशिवमध्ये मोडतो. वहिनींचे माहेर मिरजेकडचे. लग्नाआधी काढलेल्या ओळखपत्रावर त्यांचे माहेरचे नाव आणि माहेरचा पत्ता तसाच, म्हणजे त्या सांगलीच्या मतदार. सासूबाई धाकट्या मुलाकडे कसबा पेठेत वीस वर्षे राहिल्या आणि मग इकडे आल्या. त्यांचे नाव कसब्यात, म्हणजे पुणे लोकसभा मतदारसंघात. मुलगा वीस वर्षांचा, त्याचे नाव कुठेच नाही. एका छताखाली चार माणसे आणि आमच्या यादीत त्यांपैकी एकही नाही.

७ मे २०२४ रोजी आमच्या केंद्रावर मतदान होते. त्याच दिवशी धाराशिवमध्येही होते. हे गृहस्थ आदल्या रात्री स्वारगेटहून एसटीने बार्शीला गेले, सकाळी मत दिले आणि संध्याकाळच्या गाडीने परत आले. आजींनी १३ मे रोजी, पुण्याच्या मतदानाच्या दिवशी, रिक्षा करून कसब्यात जाऊन मत दिले. दोन वेगळ्या मतदारसंघांत दोन वेगळ्या दिवशी या घराने आपले कर्तव्य केले. आमच्या संकुलात मात्र हे घर ‘मतदान न करणाऱ्यांचे’ म्हणूनच ओळखले जात होते, कारण ७ तारखेला त्यांच्या बोटाला शाई लावताना इथे कोणी पाहिले नव्हते. शेजारच्या सदनिकेतल्या काकांनी आमच्यासमोरच त्या गृहस्थांना विचारले, “अहो, तुम्ही बार्शीला गेला होता? मला वाटलं, जोडून रजा टाकून फिरायला गेलात.” त्यावर ते फक्त हसले. मला मात्र त्या क्षणी फार वाईट वाटले. रात्रभर एसटीत बसून मत देऊन आलेल्या माणसाला आम्ही वर्षभर मनातल्या मनात बेफिकीर ठरवले होते.

नाव इकडे का आणत नाही, हा प्रश्न आम्ही प्रत्येक घरी विचारला. उत्तरांत आळस हे कारण होते, पण आम्हाला वाटले होते त्याहून ते कितीतरी कमी होते. गावाकडून आलेल्या अनेकांच्या मनात अशी घट्ट समजूत आहे की गावातले मत गेले की सातबाऱ्यावरचा किंवा शिधापत्रिकेवरचा हक्कही सैल होतो. यात तथ्य नाही. जमिनीच्या नोंदीचा मतदार यादीशी काहीही संबंध नसतो, आणि उलट बाजूने लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० च्या कलम २० मध्ये स्पष्ट म्हटले आहे की केवळ घर मालकीचे आहे एवढ्यावरून कोणी त्या ठिकाणचा सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. पण समजुतीच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत एकेका वॉर्डाचा निकाल पाच-दहा मतांनी फिरतो. तिथे चुलतभाऊ उभा असतो, तो फोन करतो, गाडी पाठवतो, जेवण ठेवतो, आणि येणाऱ्याला आपल्या मताचे मोल डोळ्यांनी दिसते. इथे पाच लाखांहून अधिक मतदारांच्या खडकवासला विधानसभा मतदारसंघात आपल्या एका मताने काय होणार, असे वाटणाऱ्या माणसाला तिथे आपण हवे आहोत असे वाटते. ही ओढ मी समजू शकते. तिला मागासलेपण म्हणणे मला मान्य नाही.

भाडेकरूंची गोष्ट निराळी. अकरा महिन्यांचा करार, घरमालकाचा ‘माझ्या पत्त्यावर नावे नकोत’ असा सूर आणि दर वर्षी-दोन वर्षांनी बदलणारे घर. कायद्याप्रमाणे नोंदणीसाठी घर मालकीचे असण्याची अट नाही, नोंदणीकृत भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. हे सांगितल्यावर काही जणांनी नमुना भरला. पण त्यांतल्या दोघांनी नाव यादीत येण्याच्या आतच घर बदलले होते.

७ मे : एक शहर, दोन तारखा

पुण्याबाहेरच्या वाचकासाठी येथे थोडा भूगोल सांगणे आवश्यक आहे. सिंहगड रस्त्याचा हा सगळा पट्टा शहराचा भाग असला, इथला पत्ता, रिक्षा, पीएमपी, पाणी आणि कचरा पुण्याचा असला, तरी लोकसभेला तो पुणे मतदारसंघात नाही. खडकवासला विधानसभा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेत तयार झाला आणि बारामती लोकसभा मतदारसंघाला जोडला गेला. ही पुनर्रचना २००१ च्या जनगणनेवर आधारलेली होती. त्या वेळी आमच्या संकुलाच्या जागी शेत होते. हडपसर आणि भोसरी शिरूरमध्ये, चिंचवड आणि पिंपरी मावळमध्ये, आणि आम्ही बारामतीत, अशी पुण्याची उपनगरे चहूबाजूंना वाटली गेली आहेत.

त्याचा परिणाम २०२४ मध्ये अगदी रोजच्या जगण्यापर्यंत पोहोचला. बारामतीचे मतदान ७ मे रोजी, मंगळवारी झाले. पुणे, शिरूर आणि मावळचे १३ मे रोजी. आमच्या संकुलातील नोकरदारांपैकी बरेच जण खराडी किंवा मगरपट्ट्याच्या कार्यालयांत जातात. खराडी वडगाव शेरी मतदारसंघात म्हणजे पुणे लोकसभेत येते, मगरपट्टा हडपसरमध्ये म्हणजे शिरूरमध्ये. त्या कार्यालयांची सुट्टी १३ तारखेला जाहीर झाली होती. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १३५-ब प्रमाणे मतदानाच्या दिवसाच्या भरपगारी सुट्टीचा हक्क मतदार असलेल्या कामगाराला आहे. कार्यालय कोणत्या मतदारसंघात आहे यावर तो ठरत नाही. पण हे कलम संकुलात कोणालाच माहीत नव्हते. बी विंगमधल्या एका मुलीने तिच्या कंपनीत विचारले तेव्हा तिला सांगण्यात आले की पुण्याचे मतदान १३ ला आहे, सुट्टी तेव्हाच मिळेल. तिने वाद घातला नाही. सकाळी सात वाजता ती रांगेत होती. मतदार चिठ्ठी मोबाइलमध्ये होती आणि केंद्राच्या शंभर मीटरच्या आत मोबाइल नेऊ देत नव्हते. ठेवायला जागा नव्हती, ओळखीचे कोणी दिसत नव्हते. ती फोन ठेवायला घरी परत आली, पुन्हा गेली तेव्हा रांग दुप्पट झाली होती आणि नऊची कॅब खाली उभी होती. तिने मत दिले नाही. १३ तारखेला तिला सुट्टी मिळाली, तेव्हा तिच्या मतदारसंघाचे मतदान होऊन सहा दिवस झाले होते.

या मुलीची नोंद आकडेवारीत ‘अनुपस्थित’ एवढीच होणार. शहरी मतदार उदासीन असतो असे जे म्हटले जाते, त्यातल्या किती उदासीनतेच्या पोटात असा एकेक मोबाइल आणि एकेक कॅब असेल, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेचे मतदान सगळ्या राज्यात एकाच दिवशी, २० तारखेला आणि मुद्दाम आठवड्याच्या मध्यावर, बुधवारी घेतले गेले. सुट्टीचा घोळ आपोआप मिटला. मोठ्या गृहसंकुलांत केंद्रे देण्याचे धोरणही त्या वेळी राबवले गेले आणि आमच्या बाजूच्या संकुलाच्या क्लबहाउसमध्ये केंद्र आले. ज्यांचे भाग त्या केंद्राला जोडले गेले ते लोक चहा टाकून मत देऊन परत आले. ज्यांचे भाग जिल्हा परिषदेच्या शाळेतच राहिले, त्यांची रांग पूर्वीसारखीच होती. फरक माणसांत नव्हता, अंतरात होता. पुढे मे २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने केंद्राबाहेर मोबाइल जमा करण्याची सोय करण्याचे जाहीर केले. उशिरा का होईना, ते योग्यच झाले.

केंद्राबद्दल आणखी एक. संकुलातील रहिवाशांची नावे एकाच भागात नाहीत. नोंदणी ज्या वर्षी झाली त्या वर्षी जो भाग उघडा होता त्यात नाव पडले. अनेकांच्या पत्त्यात इमारतीचे नावच नाही, नुसते गावाचे नाव आणि ‘तालुका हवेली’ एवढेच. त्यामुळे नवरा एका खोलीच्या रांगेत आणि बायको शाळेच्या दुसऱ्या इमारतीत, असे घरोघर झाले होते.

कल : निशाण दिसले नाही म्हणून

आता राजकीय कलाकडे वळते. आमच्या संकुलाबद्दल सगळे जण ठामपणे सांगतात की इथे कमळाशिवाय काही चालत नाही. निवडणुकीनंतर नमुना २० मध्ये केंद्रनिहाय मते प्रसिद्ध होतात आणि बूथप्रमुख त्यावरूनच बोलतात. मात्र आमच्या शाळेतल्या प्रत्येक केंद्राच्या यादीत गावठाण आणि सोसायट्या मिसळलेल्या आहेत, आणि सोसायट्यांमधली जी नावे आहेत ती मुख्यतः स्वतःच्या घरात राहणाऱ्या, बऱ्याच वर्षांपूर्वी आलेल्या, वयाने पन्नाशीपुढच्या लोकांची आहेत. भाडेकरू, तरुण, आणि गावाकडे नावे असलेली कुटुंबे त्यात नाहीत. म्हणजे केंद्राचा जो कल वाचला जातो तो संकुलाच्या एका थराचा आहे.

आणि तो थरही एकच एक विचाराचा नाही, हे मतदारसंघाचे निकालच सांगतात. खडकवासल्यातून २००९ मध्ये मनसेचे रमेश वांजळे निवडून आले होते. त्यांच्या निधनानंतर २०११ च्या पोटनिवडणुकीत भाजपचे भीमराव तापकीर निवडून आले आणि पुढे २०१४, २०१९ आणि २०२४ मध्येही तेच आले. यावरून मतदारसंघ पक्का भाजपचा दिसतो. पण एप्रिल २०१९ च्या लोकसभेत याच मतदारांनी भाजपच्या कांचन कुल यांना सुमारे ६५ हजारांचे मताधिक्य दिले आणि सहाच महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, तापकीर अवघ्या २,५९५ मतांनी वाचले. २०२४ मध्ये हे चित्र उलटे झाले. मे महिन्यात महायुतीच्या सुनेत्रा पवार यांना इथून सुमारे २१ हजारांचे मताधिक्य मिळाले, बारामतीच्या सहा विधानसभा क्षेत्रांपैकी त्या फक्त इथेच पुढे होत्या, आणि सुप्रिया सुळे एकूण १,५८,३३३ मतांनी निवडून आल्या. नोव्हेंबरमध्ये मात्र तापकिरांचे मताधिक्य ५२ हजारांवर गेले. यादी जवळपास तीच, रस्ते तेच, घरे तीच. एका वर्षी लोकसभेला मोठे आणि विधानसभेला काठावरचे, दुसऱ्या वेळी लोकसभेला कमी आणि विधानसभेला मोठे. ज्याला आपण कल म्हणतो तो असा सहा महिन्यांत दोन्ही दिशांना हलतो. त्यामुळे त्यात कोण बाहेर पडले आणि कोण घरी बसले याचा वाटा किती, हे तपासणे मला आवश्यक वाटले.

संकुलातल्या गप्पांमधून त्याचे एक उत्तर मिळाले. बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत, आणीबाणीच्या काळापासून राजकारण जवळून पाहिलेले. २०२४ च्या लोकसभेला आमच्या मतदारसंघात यंत्रावर कमळ नव्हते. एका बाजूला घड्याळ होते, दुसऱ्या बाजूला तुतारी वाजवणारा माणूस, आणि दोन्ही उमेदवार पवार कुटुंबातले. काका म्हणाले, “मॅडम, मी चाळीस वर्षं ज्यांच्या विरोधात मत दिलं, त्यांच्यातल्याच एकाचं बटण दाबा म्हणतात. मोदींसाठी दाबायचं, हे कळतं मला. पण बोट पुढे होईना.” ते त्या दिवशी मतदानाला गेले नाहीत. नोव्हेंबरमध्ये कमळ परत आले, तेव्हा सकाळी सातच्या आधी रांगेत पहिले तेच उभे होते.

याच्या उलट अनुभव एका वहिनींचा. त्यांचे सासर दौंड तालुक्यातले, घरात घड्याळ अगदी सुरुवातीपासून. पक्ष फुटला तेव्हा त्यांच्या घरातही दोन तट पडले. दीर एका बाजूला, सासरे दुसऱ्या बाजूला. त्यांनी सांगितले की इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी नवऱ्याला न विचारता मत ठरवले. काकांचे न जाणे आणि या वहिनींचे जाणे, ही दोन्ही राजकीय मतेच आहेत. मतदानाची टक्केवारी आणि राजकीय कल हे दोन वेगळे विषय म्हणून तपासले तर ही गोष्ट हातातून निसटते. न गेलेल्या माणसाचा कलही कल असतो, पण नमुना २० मध्ये त्याला रकाना नाही.

गावठाणाची बाजू

गावठाणात मतदान भरपूर होते हे खरे आहे आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. तिथे भावकी आहे, तालीम आहे, मंडळ आहे, आणि दुपारी तीन वाजता कोणाचे मत राहिले आहे हे तोंडपाठ असलेली माणसे आहेत. आजारी म्हातारीला खुर्चीत बसवून आणणारे चार हात तिथे सहज मिळतात. आमच्याकडे समोरच्या दारातल्या माणसाचे आडनावही पुष्कळदा पाटीवर वाचावे लागते.

पण तिथेही ‘गाव एका बाजूचे’ हे विधान टिकत नाही. उमेदवार कोणत्या आळीचा, पाण्याची लाइन कोणी टाकून दिली, रस्त्यात कोणाची जमीन गेली, यावर मते फिरतात. गावठाणातल्या एका दादांनी, जे पूर्वी ग्रामपंचायतीचे सदस्य होते, मला सरळ सांगितले की तुमच्या टॉवरमुळे आमची विहीर आटली आणि तुम्हीच टँकरसाठी रस्ता अडवता. हा राग खरा आहे. सोसायटी आणि गाव यांच्यातले राजकारण पक्षांपेक्षा पाण्याभोवती फिरते. जानेवारी २०२५ मध्ये गुलेन-बॅरे सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण नांदेड, किरकटवाडी, धायरी आणि खडकवासला या पट्ट्यात वाढू लागले आणि पाण्याकडे बोट दाखवले गेले, तेव्हा दोन्हीकडच्या स्वयंपाकघरांत सारखेच पाणी उकळत होते. तक्रार घेऊन जायला मात्र कोणाकडेही नगरसेवक नव्हता.

हा मुद्दा मतदानाच्या सवयीशी थेट जोडलेला आहे. तेवीस गावांतल्या ग्रामपंचायती जून २०२१ मध्ये संपल्या. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपून प्रशासक आले. निवडणूक १५ जानेवारी २०२६ ला झाली. म्हणजे साडेचार वर्षे इथल्या रहिवाशाला गटाराचे झाकण उघडे आहे हे सांगायला स्वतः निवडलेला माणूस नव्हता. या काळात अठरा वर्षांचे झालेले मुलगे आणि मुली असे आहेत ज्यांनी मतदार म्हणून स्थानिक प्रतिनिधी ही गोष्टच पाहिलेली नाही. मतदान केल्याने काय होते, असे ते विचारतात तेव्हा तो उद्धटपणा नसतो. त्यांच्या अनुभवात उत्तर नाही म्हणून ते विचारतात.

१५ जानेवारी २०२६

महापालिकेच्या निवडणुकीसाठी विधानसभेचीच यादी वापरली जाते आणि राज्य निवडणूक आयोग त्यासाठी एक तारीख ठरवतो. या वेळी ती १ जुलै २०२५ होती. आमच्या धडपडीचा मोठा भाग इथे वाया गेला. ज्यांचे नमुने आम्ही गणपतीनंतर भरून घेतले, त्यांची नावे विधानसभेच्या यादीत आली तरी महापालिकेला मत देता आले नाही. ही तारीख मला आधी माहीत असायला हवी होती. तिसऱ्या मजल्यावरचे ते कुटुंबही त्या दिवशी आमच्या केंद्रावर नव्हतेच.

तरीही त्या दिवशी जे दिसले ते नोंदवण्यासारखे आहे. चार सदस्यांचा प्रभाग असल्याने प्रत्येकाला चार मते द्यायची होती. अनेकांनी चारही मते एकाच पक्षाला दिली नाहीत, असे त्यांनी बाहेर आल्यावर स्वतःहून सांगितले. लोकसभेला आणि विधानसभेला कमळ दाबणाऱ्या एका काकूंनी एक मत गावठाणातल्या अशा उमेदवाराला दिले, ज्याने टँकरच्या संपात दोन दिवस संकुलाला पाणी मिळवून दिले होते. “वर कोण बसलंय ते वेगळं, नळ कोण सोडतो ते वेगळं,” असे त्या म्हणाल्या. शहरात भाजपला बहुमत मिळाले, आणि बूथप्रमुखांनी पुन्हा तेच म्हटले की सोसायट्या आमच्याच. त्या काकूंची चार मते त्यांनी एकच धरली होती.

यादीत संभाव्य दुबार नावांसमोर दोन तारे छापले होते. आमच्या भागात असे तारे पाहून काही ज्येष्ठ नागरिक घाबरले, आपले नाव कापले गेले असे समजून परत जाऊ लागले. त्यांना केंद्रावर हमीपत्र लिहून मत देता येते हे समजावून परत पाठवण्यात माझी सकाळ गेली. कायद्याने एकाच व्यक्तीचे नाव दोन ठिकाणी असणे गैर आहे आणि खोटे निवेदन हा गुन्हा आहे. पण आमच्या पाहण्यातली बहुतेक दुबार नावे फसवणुकीची नव्हती. घर बदलल्यावर नवीन नमुना भरला गेला आणि जुने नाव कोणी काढलेच नाही, एवढाच तो इतिहास होता. ऑगस्ट २०२२ पासून स्थलांतरासाठी नमुना ८ वापरायचा असतो आणि त्यात जुने नाव वगळले जाण्याची प्रक्रिया अंतर्भूत आहे. ही साधी गोष्ट सोसायटीच्या सूचनाफलकावर मराठीत लिहून लावल्यावर आठवड्याभरात जितके लोक विचारायला आले, तितके वर्षभराच्या घरोघरच्या फेऱ्यांत आले नव्हते.

फेब्रुवारीत आम्ही पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेलो. आजींनी नाव हलवायला ठाम नकार दिला. “माझं नाव कसब्यातच राहू दे. तिथं ओळखतात मला,” असे त्या म्हणाल्या. त्यांच्याशी कायद्याचे बोलणे मला जमले नाही. मुलगा मात्र नव्या नोंदणीचा नमुना ६ भरायला बसला. त्यात, याच पत्त्यावर आधीपासून यादीत असलेल्या कुटुंबातील व्यक्तीचे नाव आणि ओळखपत्र क्रमांक विचारणारा रकाना आहे. त्याने वडिलांकडे पाहिले, आईकडे पाहिले आणि तो रकाना कोरा ठेवला. दोन आठवड्यांनी वडील खाली पार्किंगमध्ये भेटले. त्यांनी नमुना ८ भरला होता. चुलतभावाला फोन करून सांगितले का, असे मी विचारले. ते म्हणाले, “सांगितलं. तो म्हणाला, मग आता आमच्याकडं जेवायला तरी येशील का? म्हटलं, जेवायला येईन, मत मात्र पोराबरोबर देईन.”